कॅसिनोमध्ये फोटो काढायला मनाई का असते? गोव्याला जाण्याआधी फोनबद्दल हे वाचा

गोव्याची ट्रिप ठरली की बीच, किल्ला आणि बोटीच्या यादीत कॅसिनोचं नाव येतंच. मी मूळचा रहिमतपूरचा, सध्या पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या भागातून दिवाळीनंतर आणि डिसेंबरात कराड, कोल्हापूर, आजरा, आंबोली करत कितीतरी गाड्या खाली गोव्यात उतरतात. परत आलेली पोरं मला हमखास एक प्रश्न विचारतात: "एवढं तिकीट काढून आत गेलो आणि साधा सेल्फी घेतला, तर सिक्युरिटीवाला धावत आला. एका फोटोनं त्यांचं काय बिघडतं?"

प्रश्न रास्त आहे. थोडक्यात उत्तर असं: फोटोत टेबल येतं, म्हणजे खेळाची माहिती बाहेर जाते. फोटोत दुसरी माणसं येतात, ज्यांनी तुम्हाला परवानगी दिलेली नसते. आणि आजचा फोन नुसता फोटो काढून थांबत नाही, तो फोटो आपणहून इंटरनेटवर पोचवतो. या तिन्ही गोष्टी आता सविस्तर बघू.

आधी हे कळू द्या: कॅसिनो नक्की कुठे चालतात?

आपल्या महाराष्ट्रात कायदेशीर कॅसिनो एकही नाही. गंमत म्हणजे आपल्याकडे १९७६ साली 'महाराष्ट्र कॅसिनो (नियंत्रण व कर) कायदा' झाला होता, पण तो कधी अमलातच आला नाही. २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे साताऱ्यात, पुण्यात किंवा एखाद्या फार्म हाऊसवर कुणी "कॅसिनो नाईट आहे, पैसे लावून खेळू" म्हणालं, तर तो सरळसरळ जुगार अड्डा समजायचा. तिथं फोटोचा प्रश्न दुय्यम आहे, जाणंच चुकीचं.

गोव्याचा सार्वजनिक जुगाराचा कायदाही १९७६ चाच. पण त्यात १९९२ साली दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनला वाट करून दिली गेली. १९९६ च्या दुरुस्तीनंतर जहाजावर टेबलाचे खेळ चालवायलाही परवानगी मिळाली. म्हणूनच आज पणजीला मांडवी नदीत डेल्टिन रॉयल, मॅजेस्टिक प्राइड, बिग डॅडी अशी तरंगती कॅसिनो दिसतात. जेटीवरून छोट्या बोटीनं तिथं नेतात. वय २१ पूर्ण लागतं आणि ओळखपत्र दाखवावं लागतं. खुद्द गोवेकरांना १ फेब्रुवारी २०२० पासून खेळाच्या जागेत प्रवेश नाही. देशात सिक्कीममध्येही कॅसिनो आहेत, पण आपल्याकडच्या पोरांचा संबंध येतो तो गोव्याशीच.

नियम काय असतात?

प्रत्येक कॅसिनोचे नियम थोडे वेगळे असतात, म्हणून दारावरची पाटी वाचणं आणि विचारणं उत्तम. तरी साधारण चित्र असं असतं:

१. खेळाच्या टेबलांजवळ, म्हणजे रुलेट, ब्लॅकजॅक, तीन पत्ती, अंदर-बाहर जिथे चालतं तिथे, फोटो आणि व्हिडिओ बंद.

२. पैसे देऊन चिप्स घेण्याची खिडकी, सीसीटीव्हीची जागा, सुरक्षा तपासणी, कर्मचाऱ्यांची दारं यांचे फोटो बंद.

३. वरचा डेक, जेवणाची जागा, प्रवेशाजवळची सजावट इथे बऱ्याचदा चालतं. स्टेजवरच्या कार्यक्रमाचं मात्र विचारूनच.

४. टेबलावर बसून खेळत असाल तर फोन कानाला लावणं किंवा हातात धरून बसणं नको. फोन आला तर उठून बाजूला जायचं.

५. लाइव्ह जाणं, व्हिडिओ कॉलवर घरच्यांना "हे बघ" म्हणून दाखवणं हेही फोटोतच मोडतं. "मी रेकॉर्ड करत नव्हतो, नुसता कॉल होता" हे कारण चालत नाही.

काहींना वाटतं, आपण पैसे भरलेत म्हणजे आपल्याला हक्क आहे. पण कॅसिनो ही खासगी जागा आहे. मल्टिप्लेक्समध्ये सिनेमाचं तिकीट काढलं म्हणून पडद्याचं शूटिंग करता येत नाही, तसंच हे. तिकीट घेतलं म्हणजे अटी मान्य केल्या असं धरलं जातं.

कारण पहिलं: कॅमेरा हे खेळातलं हत्यार होऊ शकतं

हा भाग टेक्नॉलॉजीवाल्यांसाठी सगळ्यात भारी आहे. रुलेटच्या चाकावर (युरोपियन प्रकारात) ३७ खाचा असतात. एका आकड्यावर लावलेला १ रुपया जिंकला तर मूळ रुपया धरून ३६ रुपये हातात येतात. म्हणजे सरासरी ३७ रुपये लावले की ३६ परत. कॅसिनोचा कायमचा फायदा सुमारे २.७ टक्के, आणि त्यांचा धंदा या छोट्या टक्क्यावर चालतो.

आता समजा, चेंडू चाकाच्या कोणत्या अर्ध्या भागात पडणार एवढंच तुम्हाला आधी कळलं. मग ३७ ऐवजी १८ खाचांतूनच निवडायचं. १८ रुपये लावले की सरासरी ३६ परत, म्हणजे पैसे दुप्पट. नेमका आकडा कळायची गरजच नाही, अर्धा अंदाज पुरतो. आणि रुलेटमध्ये चेंडू फिरायला लागल्यावरही थोडा वेळ पैसे लावता येतात. त्या काही सेकंदांत चेंडूचा आणि चाकाचा वेग मोजता आला, तर असा अंदाज बांधता येतो.

ही कल्पना नवी नाही. १९६१ साली एडवर्ड थॉर्प आणि क्लॉड शॅनन या दोघांनी सिगारेटच्या पाकिटाएवढा कॉम्प्युटर बनवून लास वेगासच्या रुलेट टेबलावर वापरून पाहिला. शॅनन म्हणजे तेच, ज्यांची इन्फर्मेशन थिअरी आपण इंजिनिअरिंगला शिकतो. बुटात लपवलेल्या बटणानं चेंडूची वेळ मोजायची आणि कानातल्या बारीक वायरीतून संकेत ऐकायचा, अशी रचना होती. अंगावर घालायचा पहिला कॉम्प्युटर म्हणून त्याचं नाव घेतात. वायरी सारख्या तुटायच्या म्हणून प्रयोग फार पुढे गेला नाही. पुढे १९८५ मध्ये नेवाडा राज्यानं खेळाचा अंदाज बांधणारी उपकरणं कॅसिनोत वापरणं हा गुन्हाच ठरवला.

आता आपल्या खिशातला फोन बघा. स्लो मोशनमध्ये तो सेकंदाला २४० फ्रेम घेतो, म्हणजे दर ४ मिलिसेकंदांना साधारण एक चित्र. थॉर्प आणि शॅननना पायाच्या अंगठ्यानं जे करावं लागलं, त्याहून किती तरी बारीक मोजमाप आज साध्या कॅमेऱ्यात होतं. २००४ मध्ये लंडनच्या रिट्झ कॅसिनोत तिघांनी दोन रात्रींत सुमारे १३ लाख पौंड जिंकले. फोनमधल्या लेझर स्कॅनरनं चेंडूचा वेग मोजला असा संशय होता. पोलिसांनी तपास केला, पण तिथल्या तेव्हाच्या कायद्यात गुन्हा बसला नाही आणि पैसे त्यांच्याकडेच राहिले.

पत्त्यांच्या खेळात धोका वेगळा. २०१२ मध्ये फिल आयव्ही या प्रसिद्ध खेळाडूनं लंडनच्याच क्रॉकफर्ड्स कॅसिनोत सुमारे ७७ लाख पौंड जिंकले. पत्त्यांच्या पाठीमागची नक्षी कडेला एकसारखी कापलेली नव्हती, तो बारीक फरक ओळखून पान कोणतं ते ताडलं होतं. कॅसिनोनं पैसे दिलेच नाहीत, आणि २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानंही निकाल कॅसिनोच्या बाजूनं दिला. तिथं काम डोळ्यांनी झालं होतं. झूम असलेला कॅमेरा आणि घरी बसून फोटो तपासणारा साथीदार असेल, तर काय होईल याचा विचार करा.

२०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या क्राउन कॅसिनोत तर कॅसिनोचेच सुरक्षा कॅमेरे वापरून एका खेळाडूला इशारे दिल्याचं प्रकरण गाजलं. रक्कम सुमारे ३.२ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर सांगितली गेली. मकाऊच्या नियामकानं २०१६ मध्ये खेळाच्या टेबलाजवळ फोन वापरायला बंदी केली, कारण बाहेर बसलेला माणूस फोनवरून दुसऱ्याकडून डाव लावून घ्यायचा.

म्हणून तुमचा सेल्फी अगदी निष्पाप असला, तरी पाच फुटांवरून बघणाऱ्या सिक्युरिटीवाल्याला तुमच्या स्क्रीनवर काय चाललंय ते कळत नाही. कोण सेल्फी काढतंय आणि कोण चाकाचा वेग मोजतंय हे ओळखण्यापेक्षा सगळ्यांनाच नाही म्हणणं त्याला सोपं.

कारण दुसरं: तुमच्या फोटोच्या मागे उभा असलेला माणूस

मला विचाराल तर हे कारण पहिल्यापेक्षा मोठं आहे.

महाराष्ट्रात कॅसिनोतल्या एका फोटोवरून केवढा गदारोळ होऊ शकतो हे आपण नोव्हेंबर २०२३ मध्ये पाहिलं. खासदार संजय राऊत यांनी एक्सवर मकाऊच्या कॅसिनोतला एक फोटो टाकला. भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष चंद्रशेखर बावनकुळे तिथं साडेतीन कोटी हरले असा आरोप झाला. बावनकुळे यांनी आरोप फेटाळला. कुटुंबासह ज्या हॉटेलात उतरलो होतो तिथल्या परिसरातला तो फोटो आहे, जुगार खेळलो नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मग उलट बाजूनं दुसरे फोटो आले आणि काही दिवस टीव्हीवर तेच चाललं.

राजकारण बाजूला ठेवू. आपल्या कामाचा मुद्दा एवढाच, की फोटोत माणूस टेबलाजवळ दिसतो. तो खेळतोय, बघतोय, की जेवणाच्या हॉलकडे चाललाय, हे फोटो सांगत नाही. नेत्यांकडे खुलासा करायला माईक असतो, पत्रकार परिषद असते. साध्या माणसाकडे काय असतं?

आमच्याच भागातलं उदाहरण सांगतो. खत-औषधाच्या कंपन्या कृषी सेवा केंद्रवाल्यांना टार्गेट पूर्ण केलं की गोव्याची टूर देतात, हे गावाकडच्या पोरांना माहीत असेल. असाच एक दुकानदार कंपनीच्या ग्रुपबरोबर कॅसिनोत गेला होता. योगायोगानं त्याच रात्री आमच्या ओळखीतला एक मुलगाही तिथं होता. त्यानं पटकन सेल्फी घेतला आणि स्टेटसला टाकला. मागे दुकानदार रुलेटच्या टेबलाशी उभा. सकाळपर्यंत स्क्रीनशॉट दोन-तीन ग्रुपवर फिरला. तो माणूस गावी पोचला तेव्हा उधारीवाले शेतकरी तोंडावर म्हणायला लागले, "आमच्याकडं तगादा लावता आणि तिकडं आमचेच पैसे उडवता होय?" घरात जे झालं ते वेगळंच. तो खेळला होता की नाही, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. तरी सगळ्यांनी ठरवून टाकलं. स्टेटस २४ तासांत गेलं, पण स्क्रीनशॉट गेला नाही.

यात कायदा मदत करेल का? फारशी नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही झाला. पण माणसानं स्वतःच्या वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी केलेल्या वापराला त्यात सूट आहे. म्हणून मित्राच्या ट्रिपच्या फोटोत आपण आलो म्हणून या कायद्याखाली दाद मागणं अवघड. चोरून खासगी अवस्थेतले फोटो काढणं मात्र भारतीय न्याय संहिता आणि माहिती तंत्रज्ञान कायदा या दोन्हींत गुन्हा आहे. या दोन टोकांच्या मधली सगळी जागा आपल्या समजूतदारपणावरच चालते.

कर्मचाऱ्यांचंही तेच. पत्ते वाटणारी मुलगी, चिप्स मोजणारा मुलगा नोकरी करत असतात. त्यांच्या घरी गावाकडे "हॉटेलात कामाला आहे" एवढंच सांगितलेलं असू शकतं. त्यांचा व्हिडिओ रीलवर टाकायचा अधिकार आपल्याला तिकिटाबरोबर मिळत नाही.

कारण तिसरं: फोटोबरोबर फोन काय काय साठवतो?

फोटो म्हणजे नुसतं चित्र नसतं. फाइलच्या आत तारीख, वेळ, फोनचं मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांशही लिहिलेले असतात. या माहितीला एक्झिफ म्हणतात. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर यातलं बरंचसं निघून जातं. पण क्वालिटी कमी होऊ नये म्हणून 'डॉक्युमेंट' करून पाठवला, की सगळं जसंच्या तसं जातं.

आयफोनचा लाइव्ह फोटो आणि काही अँड्रॉइड फोनमधला मोशन फोटो हे बटण दाबण्याच्या आधीचे आणि नंतरचे क्षणही टिपतात. लाइव्ह फोटोत तो काळ साधारण दीड-दीड सेकंदाचा असतो, आवाजासकट. तुम्हाला वाटतं एक फोटो घेतला, प्रत्यक्षात छोटा व्हिडिओ झालेला असतो.

गूगल फोटोजचा बॅकअप चालू असेल तर फोटो काही क्षणांत क्लाउडवर जातो. शेअर्ड अल्बम असेल तर मित्रांच्या फोनवरही. मग सिक्युरिटीवाल्यासमोर डिलीट केलं तरी तो 'बिन'मध्ये पडून राहतो: बॅकअप झालेला असेल तर गूगल फोटोजमध्ये ६० दिवस, आयफोनच्या 'रिसेंटली डिलीटेड'मध्ये ३० दिवसांपर्यंत. म्हणून काही ठिकाणी कर्मचारी "बिनमधूनही काढा" म्हणतात. त्रास द्यायचा म्हणून नाही, त्यांनाही हे माहीत असतं म्हणून.

सिक्युरिटीनं अडवलं तर काय करायचं?

शांतपणे बोला, "सॉरी दादा, माहीत नव्हतं" म्हणा, त्यांच्यासमोर स्वतःच्या हातानं फोटो काढून टाका आणि बिनही रिकामी करा. बहुतेक वेळा विषय तिथंच संपतो.

त्यांचे अधिकारही जाणून घ्या. ते तुम्हाला थांबवू शकतात, बाहेर जायला सांगू शकतात, पुन्हा प्रवेश नाकारू शकतात आणि गडबड वाटली तर पोलिसांना बोलावू शकतात. पण खासगी सुरक्षारक्षकाला पोलिसाचे अधिकार नसतात. फोन हिसकावणं किंवा लॉक उघडायला लावून सगळी गॅलरी चाळणं त्याच्या अधिकारात येत नाही. असं झालं तर भांडू नका, मॅनेजरला बोलवा. तरीही नाही ऐकलं तर ११२ आहेच.

आत जाण्याआधी फोनच्या पाच सेटिंग

१. कॅमेरा अॅपच्या सेटिंगमध्ये 'लोकेशन टॅग' बंद करा. आयफोनमध्ये प्रायव्हसी, मग लोकेशन सर्व्हिसेस, तिथं कॅमेऱ्याला 'नेव्हर' करा.

२. गूगल फोटोजचा बॅकअप त्या रात्रीपुरता बंद ठेवा.

३. मोशन फोटो किंवा लाइव्ह फोटो बंद करा. फ्लॅशही बंदच ठेवा.

४. अँड्रॉइड १२ किंवा त्यापुढच्या फोनमध्ये वरून पट्टी खाली ओढली की 'कॅमेरा अॅक्सेस' बटण मिळतं. दिसलं नाही तर पट्टीच्या 'एडिट'मध्ये शोधा. टेबलांच्या भागात ते बंद ठेवलं, तर चुकूनही कॅमेरा उघडत नाही.

५. ओळखपत्र, पावती, नाव किंवा क्यूआर कोड असलेलं कार्ड यांचा फोटो स्टेटसला टाकू नका. तो कोड कुणीही स्कॅन करू शकतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*माझ्या हातातल्या चिप्सचा फोटो चालेल का?* टेबलाजवळ नाही. डेकवर किंवा जेवणाच्या जागी, मागे कुणी नसताना, विचारून घ्या. पण चिप्सच्या ढिगाचा फोटो सार्वजनिक टाकण्याआधी एक विचार करा. असे फोटो उचलून "घरबसल्या कमवा" म्हणणारे बेटिंगवाले टेलिग्रामवर आमिष म्हणून वापरू शकतात. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम आणि त्यांची जाहिरात, दोन्हीवर बंदी आणली आहे. आपला फोटो त्यांच्या कामी कशाला यावा?

*जिंकलो तर पुरावा म्हणून फोटो नको का?* गरज नाही. टेबलावर वरून कॅमेरे असतातच. वाद झाला तर लगेच हात वर करून मॅनेजरला बोलवा आणि फुटेज तपासायला सांगा. तुमच्या फोटोपेक्षा ते जास्त उपयोगी.

*चेहरे ब्लर करून टाकले तर?* आतला नियम फोटो काढण्याबद्दल आहे, त्यामुळे टेबलाजवळ तरी उपयोग नाही. डेकवरच्या फोटोत मागे कुणी आलं असेल तर मात्र ब्लर जरूर करा. इमोजी चिकटवून स्क्रीनशॉट घेतला तरी चालतो.

शेवटी एक सोपी सवय सांगतो, ती कॅसिनोपुरती नाही. लग्नात, जत्रेत, हॉस्पिटलच्या वॉर्डात, कुठेही फोटो टाकण्याआधी झूम करून मागची माणसं बघा. त्यातलं एखादं माणूस आपल्या गावातलं असतं आणि हा फोटो त्याच्या घरी पोचला असता, तर चाललं असतं का? उत्तर "नाही" किंवा "सांगता येत नाही" असेल, तर फोटो क्रॉप करा नाहीतर स्वतःकडेच ठेवा. यात जास्तीत जास्त अर्धा मिनिट जातो.